दाण्याच्या दोन वड्या

मनिला या शहराचे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडते ते बहुधा मॅगसेसे पारितोषिकाच्या निमित्ताने. 1958 साली विनोबांना आणि त्याच्या पुढच्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांना ते मिळाले, तेव्हापासून हे दूरचे बंदर आपल्या वृत्तपत्रांच्या परिचयाचे झाले. परंतु नोकरीच्या निमित्ताने ज्याने त्या मुलखात वास्तव्य केले आहे, त्याच्या मनात त्या नावाबरोबर जे जागे होते ते निराळेच असते. आणि माझ्यापुरते सांगायचे तर ते म्हणजे भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा, दुधाच्या भुकटीचा सौम्यपणा आणि कोकोचा किंचित कडवटपणा यांचा बोटाच्या दोन पेरांएवढ्या वडीत झालेला संगम होय. फिलिपिन्समध्ये ही वडी मुख्यत्वे दोन नावांनी विकली जाते: चॉकनट आणि हॅनी. दोन्ही दाण्याच्या, दोन्ही दुधाच्या, दोन्ही कोकोच्या. दोन्ही कागदात गुंडाळलेल्या, दोन्ही गरिबालाही परवडणाऱ्या. आणि तरीही दोन्हींचे अभिमानी इतके निष्ठावंत की एकाच आईच्या हातचे जेवलेल्या भावंडांत या प्रश्नावर एकमत होणे दुर्मीळ. मी चॉकनटच्या पक्षाचा आहे, आणि ही केवळ सवयीची आवड नव्हे, तिला कारणे आहेत, असे मला मनापासून वाटते.

या वड्यांविषयी परदेशी माणसाचा, आणि पुष्कळदा परदेशी राहून परतलेल्या फिलिपिनो गृहस्थाचाही, एक अभिप्राय वारंवार ऐकू येतो. तो असा की, हे खरे चॉकलेट नव्हे. अभिप्राय वस्तुतः यथार्थ आहे, पण त्याच्या आधारे जी कनिष्ठता या वड्यांच्या माथी मारली जाते ती अन्याय्य आहे. खरे चॉकलेट म्हणून आज जे ओळखले जाते ते एकोणिसाव्या शतकातील स्वित्झर्लंडचे अपत्य. 1875 च्या सुमारास डॅनियल पीटर याने चॉकलेटात दूध मिळवण्याची युक्ती साधली, 1879 मध्ये रोडॉल्फ लिंड्ट याने ते दीर्घकाळ घोटण्याचे यंत्र सिद्ध केले, आणि तेव्हापासून उत्तम चॉकलेटाचे लक्षण असे ठरले की त्यातील कण इतके सूक्ष्म असावेत की जिभेला त्यांचा पत्ताच लागू नये, आणि ते सर्व कण कोकोच्या लोण्यात बुडालेले असल्यामुळे तोंडाच्या उष्णतेने सारे एकदम वितळून जावे. वितळणे हा त्या पदार्थाचा धर्म आहे. चॉकनटचा आणि हॅनीचा धर्म तो नाही, त्या विस्कटतात. ज्या पदार्थाने वितळायचे कधी मनातच आणले नाही त्याला तो वितळत नाही म्हणून नापास करणे, हा न्यायाचा नव्हे तर दृष्टीचा दोष आहे. या वड्यांची परीक्षा घ्यायची तर ती दाण्याची मिठाई म्हणूनच घेतली पाहिजे. आणि दाण्याच्या मिठाईची परीक्षा कशी घ्यावी हे ज्या थोड्या समाजांना उपजतच कळते त्यांत मराठी माणसाची गणना करण्यास हरकत नसावी, कारण दाण्याचे कूट हा ज्याच्या उपवासाचा आणि पारण्याचाही आधार आहे असा दुसरा समाज शोधूनच काढावा लागेल.

प्रथम चॉकनट. तिचा कागद पट्ट्यापट्ट्यांचा, आणि त्याच्या आत चंदेरी वर्ख. तो सोडवणे हीच एक कला आहे, कारण वडी मुळात इतकी ठिसूळ की घाईने ओढल्यास ती वर्खातच दुभंगते आणि कडेचा भुगा घडीघडीत जाऊन बसतो. म्हणून तिथली मुले काय करतात, तर कागदाची एक बाजू उघडून वर्खाचा लहानसा द्रोण करतात, त्यातली वडी तोंडात सोडतात, आणि शेवटी तो द्रोणच ओठांशी नेऊन उरलेला भुगा जिभेवर झाडून घेतात. वडीचा रंग गडद चॉकलेटासारखा काळसर नसतो; ओल्या मातीहून फिकट, थोडासा राखाडी झाक असलेला तपकिरी असतो, आणि तिच्या तुटलेल्या कडेकडे निरखून पाहिले तर दाण्याचे बारीक पांढुरके कण त्यात विखुरलेले दिसतात. तोंडात पडताक्षणी ती कोरडी लागते, इतकी कोरडी की टाळ्याला चिकटून बसते. जीभ ओली होऊन तिला सोडवू लागते तेव्हा आधी साखर येते, मग दूध, मग भाजलेल्या दाण्याचा स्निग्धपणा, आणि हे सर्व ओसरल्यावर, जवळजवळ घशाशी, कोकोचा कडवटपणा आणि मिठाची एक पुसट रेषा. हा क्रम माझ्या मते तिचे सर्वस्व आहे. चांगल्या पदार्थाला आदि, मध्य आणि अंत असावा लागतो. सगळे एकदम सांगून मोकळा होणारा पदार्थ पोट भरील, पण मनात रेंगाळणार नाही. चॉकनटमधला दाणा भरड दळलेला असतो, आणि त्या भरडपणामुळेच दाताला अखेरपर्यंत काही ना काही काम उरते.

हॅनी तिच्या मानाने मऊ, अधिक एकजीव, आणि निःसंशय अधिक गोड. तिच्या वडीला कडा अधिक रेखीव येतात आणि ती हातात घेतल्यावर फुटण्याची भीती थोडी कमी असते. तिच्यात साखर आणि दूध पहिल्याच क्षणी पुढे येतात, दाण्याची चव अखंड, पण शांतपणे त्यांच्या पाठीशी राहते, आणि कोको हा केवळ रंगापुरता व नावापुरता हजर असल्यासारखा वाटतो. ज्याला दाणा प्रिय आहे आणि कडू नको आहे त्याला हॅनीच आवडणार, आणि तो चुकतो असे मी म्हणणार नाही. लहान मुलांना, आणि ज्यांच्या दातांनी रजा घेतली आहे अशा वृद्धांना, हॅनीच अधिक मानवते, हेही मी शेजारच्या घरांतून पाहिले आहे. परंतु माझी तक्रार अशी की हॅनीची चव सरळ रेषेत चालते. जिथे सुरू होते तिथेच, थोडी मंद होऊन, संपते. एक वडी खाल्ल्यावर दुसरी खावीशी वाटते ती भुकेने. चॉकनटची दुसरी वडी खावीशी वाटते ती जिज्ञासेने, पहिलीत जे शेवटी लागले ते पुन्हा नीट पाहावे म्हणून.

हा जो विस्कटण्याचा गुण आहे तो कसा येतो, हे ज्या गृहिणीने दाण्याचे लाडू वळले आहेत तिला समजावून सांगण्याची गरज नाही. दाणे भाजून कुटले की त्यांतले तेल हळूहळू वर येऊ लागते. कूट जास्त बारीक झाले तर ते तेल सोडून लगदा होते, भरड राहिले तर लाडू वळला जात नाही, आणि या दोहोंच्या मधली जी एक अवस्था असते ती डोळ्यांनी नव्हे तर तळहातालाच कळते. चॉकनट आणि हॅनी त्याच अवस्थेचे कारखान्यातले रूप आहेत. दाण्याचे तेल साखरेच्या, दुधाच्या भुकटीच्या आणि कोकोच्या कणांना पातळसा लेप देते, दाब दिल्यावर ते कण एकमेकांना धरून राहतात, आणि दाब निघाल्यावर ती पकड जेमतेम वडीचा आकार टिकवण्यापुरतीच उरते. कोकोचे लोणी सुमारे 34 अंशांवर वितळते. मनिलात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा नेमका त्याच्या आसपास किंवा त्याच्याही वर असतो. ज्या देशात नाक्यावरच्या दुकानाला पंखाही नसतो तिथे स्विस पद्धतीच्या चॉकलेटाची दुपारपर्यंत काय अवस्था होईल हे उघड आहे. दाण्याच्या पुडीची वडी मात्र तो उन्हाळा आपल्या कागदात निमूटपणे सोसते. म्हणजे ज्याला परदेशी रसिक उणीव समजतो ते त्या हवामानाला दिलेले विचारपूर्वक उत्तर आहे.

ही वडी विकली जाते तीही तिथल्या जनजीवनाला साजेशा रीतीने. सारी-सारी म्हणून जी घरगुती दुकाने फिलिपिन्सच्या प्रत्येक वस्तीत असतात, घराच्याच पुढच्या भिंतीला खिडकी पाडून, तिला तारेची जाळी लावून थाटलेली, त्यांत शांपूची पुडी एक, सिगारेट एक, लसणाचा गड्डा एक, अशी सुटी विक्री चालते. रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या संसाराला घाऊक खरेदीची ऐपत नसते, म्हणून दुकानदारणीने स्वतः घाऊक घेऊन गिऱ्हाईकाला किरकोळ देण्याची ही तजवीज. जाळीच्या आत बरण्यांची रांग, आणि त्यांतल्या एकीत चॉकनट, दुसरीत हॅनी. आमच्या गल्लीतल्या दुकानदारणीला सगळे 'आते', म्हणजे ताई, म्हणत; मीही म्हणे. ती मला 'सर' म्हणे आणि माझ्यासमोर कधी हॅनीची बरणी उघडत नसे, कारण कोण कोणत्या पक्षाचा हे तिला तिच्या उधारीच्या वहीइतकेच पाठ होते.

या वडीत जे दोन मुख्य घटक, त्यांतला एकही त्या भूमीचा नाही. भुईमूग आणि कोको दोन्ही अमेरिका खंडातले. आणि दोन्ही तिथे आले ते स्पेनच्या अंमलात, मनिला आणि अकापुल्को या बंदरांमध्ये 1565 पासून 1815 पर्यंत ये-जा करणाऱ्या गलबतांतून. तो व्यापार खुला नव्हता. राजाच्या हुकमाने जहाजांची संख्या ठरलेली, मालाच्या किमतीवर मर्यादा, आणि गलबताच्या पोटातली जागा परवान्यांनी वाटून दिलेली. पूर्वेकडून रेशीम आणि चिनी मातीची भांडी जात, पश्चिमेकडून चांदी येई. आणि त्या चांदीच्या सोबतीने, कोणाच्याही हिशेबी दप्तरात विशेष महत्त्व नसलेली, बियाणी आणि रोपे येत. कोकोच्या आगमनाची जी हकिकत मनुएल ब्लांको या अगस्तिनी धर्मगुरूने आपल्या 1837 च्या वनस्पतिग्रंथात दिली आहे ती मला फार प्रिय आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे 1670 साली पेद्रो ब्राव्हो नावाच्या एका तांडेलाने अकापुल्कोहून कुंडीत लावलेले कोकोचे रोप आणले आणि कामारिनेस प्रांतात धर्मगुरू असलेल्या आपल्या भावाच्या हवाली केले. तिथून लिपा गावच्या हुआन दे आगिला नावाच्या एका देशी माणसाने ते चोरले, लपवून ठेवून जिवापाड जोपासले, आणि त्या बेटांवरच्या कोकोच्या झाडांचा वंश त्या रोपापासून विस्तारला. ब्लांकोचा वृत्तान्त इतिहासाच्या कठोर छाननीत कितपत टिकेल ते टिको. पण ज्या पदार्थाची सुरुवात कोणा गावकऱ्याच्या अशा धाडसी ममतेने झाली, असे त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगावे, यातच त्या पदार्थाविषयीची त्यांची आत्मीयता दिसते.

आरंभी मात्र हे चॉकलेट खाण्याचे नव्हते, पिण्याचे होते, आणि ते मठांतल्या व वाड्यांतल्या माणसांचे पेय होते. कोकोच्या दाण्यांची वाटून थापलेली चकती, तिला तिथे ताब्लेया म्हणतात, पाण्यात किंवा दुधात उकळून लाकडी रवीने फेस येईपर्यंत घुसळायची, हा त्याचा विधी. होसे रिझाल याच्या 1887 च्या 'नोली मे तांगेरे' या कादंबरीत एका धर्मगुरूची कथा येते: पाहुणा प्रतिष्ठित असला तर चाकराला एका खुणेने दाट चॉकलेट आणायला सांगायचे, सामान्य असला तर दुसऱ्या खुणेने पाणचट. एका पेल्याच्या दाटपणात त्या साऱ्या वसाहतीची उतरंड रिझालने उघडी केली. पुढे अमेरिकेचा अंमल आला, सैनिकांच्या पिशव्यांतून अमेरिकन चॉकलेट आले, आणि उतरंड नव्या रूपाने तशीच राहिली: जे सातासमुद्रापलीकडून येते ते श्रेष्ठ, जे नाक्यावर मिळते ते कनिष्ठ. 1973 पासून परदेशस्थ फिलिपिनोंना मायदेशी येण्यासाठी सरकारी सवलती मिळू लागल्या, आणि पुढे त्यांनी पाठवलेल्या भल्यामोठ्या खोक्यांतून साबण, डबाबंद मांस आणि परदेशी चॉकलेट घरोघर पोचू लागले. ते खोके उघडण्याच्या समारंभाला मी उपस्थित राहिलो आहे. त्यातले चॉकलेट शीतकपाटाच्या वरच्या खणात जपून ठेवतात आणि पाहुण्यांना मोजून देतात. पण त्याच खोक्यांच्या उलट प्रवासाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. सुटी संपवून दुबईला, रियाधला, मिलानला परतणारी परिचारिका किंवा मोलकरीण आपल्या सामानात काय नेते, तर चॉकनटची पाकिटे. प्रतिष्ठेचे चॉकलेट घराकडे येते आणि जिवाभावाचे घराबाहेर जाते, हे दृश्य मला त्या देशाच्या कोणत्याही अर्थशास्त्रीय अहवालाहून अधिक सांगून गेले.

दाणा आणि चॉकलेट यांचे इतर प्रकारही तिथे आहेत. त्यांची दखल थोडक्यात पुरे. क्लाउड नाइन या कांडीत दाणे आहेत, पण ते चिकट साखरेत आणि नुगाच्या थरात असे अडकलेले की त्यांचे स्वत्व उरत नाही. ती भूक भागवते, प्रवासात उपयोगी पडते. रिकोआचे फ्लॅट टॉप्स हे वर्खातले गोल तुकडे बालपणीच्या आठवणींमुळे तिथल्या लोकांना प्रिय आहेत, पण त्यांत दाणाच नाही, तेव्हा ते या तुलनेच्या बाहेर. चॉकनटचे खरे नाते मला पोल्व्होरोनशी दिसते: भाजलेले पीठ, दुधाची भुकटी, साखर आणि लोणी दाबून केलेली स्पॅनिश वारशाची ती वडी, पातळ रंगीत कागदात गुंडाळलेली, तीही अशीच टाळ्याला चिकटणारी आणि अशीच विस्कटणारी. पिठाच्या जागी दाणा आला, वर कोको पडला, आणि एका जुन्या मठातल्या मिठाईतून नाक्यावरची वडी जन्मली, असे म्हणण्यात कल्पनेचा भाग थोडा असला तरी जिभेची साक्ष माझ्या बाजूची आहे.

या साऱ्या तुलनेत एक गोष्ट मला अस्वस्थ करते. चॉकनट मूळ ज्या कारखान्याची, त्याच्याकडून ती पुढे ॲनीज या मिठाईच्या कंपनीकडे गेली; आणि हॅनी तर त्याच कंपनीची. म्हणजे ज्या दोन वड्यांनी घराघरांत पक्ष पाडले त्या आता एकाच छपराखाली तयार होतात. मालक एक झाला म्हणून चव एक व्हावी असे नाही, आणि आजवर तरी ती झालेली नाही. परंतु एका कारखान्यात दोन निराळी दळणे, दोन निराळी प्रमाणे सांभाळणे हे खर्चाचे काम असते, आणि खर्चाची काटकसर सुरू झाली की पहिला बळी जातो तो भरडपणाचा, कारण गुळगुळीतपणा हीच प्रगती अशी समजूत सर्वत्र दृढ झालेली आहे. चॉकनटमधला तो शेवटचा कडवटपणा आणि दाताला लागणारी ती कणी ही कोणीतरी मुद्दाम जपली पाहिजे. भुईमुगाची गोष्टही विचारात घेण्यासारखी आहे. कागायान प्रांतातल्या एनरिले गावाची ख्याती भुईमुगासाठी असली तरी देशाची गरज देशी पिकातून भागत नाही. बाहेरून दाणा आणावा लागतो, आणि जे देश तो पुरवतात त्यांत आपला देश अग्रभागी आहे. तेव्हा दाण्याच्या या व्यवहारात आपण केवळ दूरचे प्रेक्षक नाही.

अलीकडे दाव्हाओ परगण्यात उत्तम कोको पिकू लागला आहे. 2021 च्या एका कायद्याने दाव्हाओ शहराला चॉकलेटाची राजधानी असा दर्जाही मिळाला, आणि मालागोससारख्या तिथल्या मळ्यांचे चॉकलेट आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गौरवले जाते. मी ते चाखले आहे आणि त्याच्या शुद्धतेविषयी मला आदर आहे. त्याच शहरात वैद्यकाच्या शिक्षणासाठी भारतातून मोठ्या संख्येने मुलेमुली येतात, त्यांत मराठीही असतात. त्यांच्या खोल्यांतून मात्र मला त्या गौरवप्राप्त चॉकलेटाची नव्हे, तर दाण्याच्या वड्यांचीच पाकिटे उघडलेली दिसली. दाण्याच्या भाजल्या वासाने त्या मुलांना जे आठवत असेल ते मी समजू शकतो.

खाण्याच्या वेळेविषयी आणि सोबतीविषयी माझे काही ठाम मत आहे. पावसाळी सकाळी तिथे चंपोरादो करतात, म्हणजे चिकट तांदळाची कोको घातलेली दाट पेज, आणि तिच्याबरोबर खारवलेला सुका मासा. त्या पेजेवर कुस्करून घालायला हॅनी चांगली, कारण तिची साखर उष्णतेत लगेच मिसळते आणि माशाचा खारटपणा तिला तोलून धरतो. चॉकनट तिथे वाया जाते. तिचा क्रमच त्या पेजेत बुडून जातो. तिला हवी ती बराको कॉफी, त्याच लिपाच्या परिसरातली, उग्र वासाची, साखर न घातलेली. कॉफीचा घोट आधी, मग वडीचा अर्धा तुकडा, आणि तो टाळ्यावर असतानाच दुसरा घोट: या क्रमाने घेतली की भुगा कॉफीत भिजतो, दाणा फुलून येतो, आणि शेवटची कडवट रेषा कॉफीच्या कडवटपणात जाऊन मिळण्याऐवजी त्याच्यावर स्पष्ट उमटते. हॅनीवर हा प्रयोग केला तर कॉफी जिंकते.